खाशाबा जाधव : पदकाच्या आधीचा प्रश्न

गेल्या महिन्यात श्रीवर्धनला घरी गेलो होतो. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीनं विचारलं, "दादा, खेळाडूच्या आयुष्यावर पीएचडी होते का? की नुसता गौरवग्रंथच होतो?" प्रश्न नेमका आहे. उत्तरासाठी सगळ्यांना माहीत असलेलं एक नाव घेऊ.

खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १९२६, कराडजवळचं गोळेश्वर. वडील पैलवान, त्यामुळे तालीम घरचीच. शाळा कराडची, कॉलेज कोल्हापूरचं राजाराम. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. मातीत घडलेल्या या मल्लाला तिथे मॅटवर खेळावं लागलं. १९५२ मध्ये हेलसिंकीला बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं यायला १९९६ उजाडलं. ते लिएंडर पेसचं.

इथपर्यंत झालं चरित्र. आता संशोधनाचा प्रश्न विचारू : दोन्ही प्रवासांचा खर्च कोणी केला?

१९४८ चा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. यात नवल काही नाही. शाहू महाराजांच्या काळापासून कुस्ती ही त्या संस्थानाची ओळख होती, खासबाग मैदान त्याच काळातलं. पण १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १९५२ उजाडलं तेव्हा पैलवान तोच होता, संस्थानची तिजोरी मात्र राहिली नव्हती. मग लोकांकडून पैसे गोळा झाले आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

घर गहाण ठेवल्याची गोष्ट आपण प्राचार्यांच्या मोठ्या मनाची म्हणून सांगतो. ती आहेच. पण दोन तारखा शेजारी ठेवल्या की आणखी काही दिसतं. जुना आश्रयदाता गेला होता आणि नवी शासकीय क्रीडाव्यवस्था अजून उभी राहिली नव्हती. मधल्या पोकळीत एक कॉलेज उभं राहिलं, आणि तेही संस्था म्हणून कमी, एका माणसाच्या घराच्या जोरावर जास्त. माझ्या मते हा प्रबंधाचा विषय आहे.

पण हे विधान तपासावं लागेल. १९५२ मध्ये राजघराण्यानं खाजगीरीत्या मोठी मदत केल्याचा कागद सापडला तर ते ढिलं पडेल. म्हणून आपलं म्हणणं खोटं ठरवू शकेल असा कागद कोणता, ते आधी लिहून ठेवा आणि तोच शोधायला निघा.

आठवणींच्या बाबतीतही सावध राहा. कराडला निघालेल्या मिरवणुकीतल्या बैलगाड्यांचा आकडा प्रत्येक जण वेगळा सांगतो. आकड्यावर भांडण्यापेक्षा तो का वाढत जातो हे विचारणं जास्त उपयोगाचं. शासनानं पाठ फिरवली असं वाटणाऱ्या लोकांसाठी ती मिरवणूकच खरा सन्मान होती.

पदकानंतरचं आयुष्यही चरित्रात दोन ओळींत उरकतात. १९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार झाले, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. जिवंतपणी मिळाली ती नोकरी, तीही पदकानंतर तीन वर्षांनी. त्या काळात खेळाडूकडे पोट भरायला काय होतं, हा पुन्हा स्वतंत्र प्रश्न.

त्या मुलीला मी शेवटी एवढंच सांगितलं : कोल्हापूरला जायची गरज नाही. आपलं श्रीवर्धनही संस्थानातलंच, जंजिऱ्याच्या सिद्दींचं. १९४८ मध्ये विलीन झालेलं. विलीनीकरणानंतर इथल्या शाळा, तालमी, खेळांचे सामने कोणाच्या पैशावर चालले? शोधताना 'रायगड' या नावावर अडकू नकोस. १९८१ पर्यंत जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, जुनी कागदपत्रं त्याच नावाखाली मिळतील. आणि सुरुवात शाळेच्या जुन्या जमाखर्चाच्या वहीपासून कर. पदकं सगळेच मोजतात, पावत्या फारसं कोणी बघत नाही.