गाडीवर हल्ला करणारे कोण?

‘शोले’तला (१९७५) रेल्वेवरचा हल्ला दहिसरपासून फार लांब नाही, पनवेलजवळ चित्रित झाला. साचा मात्र अमेरिकन वेस्टर्नचा. जॉन फोर्डच्या ‘स्टेजकोच’मध्ये (१९३९) घोडागाडीवर अपाची तुटून पडतात, गोळ्या खाऊन मरतात; बोलत नाहीत. आपण त्यांच्या जागी डाकू आणले, एवढंच.

पुढे ‘डान्सेस विथ वुल्व्ज’मध्ये (१९९०) लाकोटा माणसं स्वतःच्या भाषेत बोलली, पण गोष्ट गोऱ्या सैनिकाचीच राहिली. आपल्याकडे ‘बँडिट क्वीन’ने (१९९४) डाकू बाईची जात आणि तिच्यावरचे अत्याचार दाखवले, तरी फूलन देवी त्या सिनेमाविरुद्ध कोर्टात गेल्या. म्हणजे चेहरा पडद्यावर आला की भागत नाही. गोष्ट कुणाच्या परवानगीने सांगितली, हेही आपण विचारायला हवं.