शिक्षकवेतन व शिक्षणप्रशासन, महाराष्ट्रातील

शाळांवरील खर्च अध्यापन, इमारती व साधने आणि देखरेख अशा तीन बाबींत विभागला जातो. यांपैकी कोणत्या बाबीस अग्रक्रम द्यावा व अध्यापक आणि प्रशासक यांच्या वेतनांत किती अंतर असावे, हा महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातील जुना वादविषय होय.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार प्रत्येक प्रांतात शिक्षणखाते स्थापन होऊन संचालक व निरीक्षक नेमण्यात आले. मुंबई इलाख्यात देखरेखीची यंत्रणा अशा रीतीने उभी राहिली. गावच्या शाळेतील पंतोजीचे वेतन मात्र तुटपुंजेच राहिले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी या विषमतेवर बोट ठेवले. शासनाचा महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमातून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरिष्ठ वर्गांस होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकास दरमहा किमान १२ रुपये व मोठ्या गावी १५ ते २० रुपये वेतन असावे, अशी त्यांची मागणी होती. गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल वा मुद्रांकविक्री यांसारखी कामे शिक्षकाकडे सोपविल्यास गावात त्याचे वजन वाढेल, असेही त्यांनी सुचविले. १८९६ च्या पुनर्रचनेत इंग्लंडमध्ये भरती होणारी भारतीय शिक्षणसेवा व येथे भरती होणारी प्रांतिक सेवा असा भेद करण्यात आल्याने वरच्या पायरीवरही वेतनाची दरी निर्माण झाली.

१९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे गेले. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमान्वये जिल्हा शालेय मंडळाचा प्रशासन अधिकारी शासनाचा सेवक, तर शिक्षक मंडळाचा सेवक ठरला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावरही हे द्वैत टिकले. शिक्षणाधिकारी राज्यसेवेतील व शिक्षक परिषदेचे कर्मचारी, अशी ही रचना आहे. ठाण्यातील टेंभी नाक्यावरील बी. जे. हायस्कूल हे जिल्हा परिषदेकडे असलेल्या शाळांपैकीच एक होय.

शाळा कोणाचीही असो, समान पात्रतेच्या शिक्षकांस समान वेतन मिळावे, अशी शिफारस कोठारी आयोगाने (१९६४–६६) केली. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांविषयीचा १९७७ चा महाराष्ट्र अधिनियम व १९८१ ची नियमावली यांनी खाजगी शाळांतील वेतनश्रेणींना कायद्याचा आधार दिला. त्यामुळे शिक्षकाचे वेतन संस्थाचालकाच्या मर्जीवर अवलंबून राहिले नाही.

तथापि २००० मध्ये आलेल्या शिक्षणसेवक योजनेने वर्गातच नवा भेद निर्माण केला. पूर्ण वेतनश्रेणीपूर्वी तीन वर्षे मानधनावर काम करणे नवीन शिक्षकास भाग पडले. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मासिक मानधन २०२३ मध्ये ६,००० रुपयांवरून १६,००० रुपये करण्यात आले. शेजारच्या वर्गावरील नियमित शिक्षकाचे वा तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याचे वेतन मात्र पूर्ण श्रेणीत असते. काटकसरीचा भार प्रथम कोणी सोसावा, हा फुल्यांच्या निवेदनाच्या मुळाशी असलेला प्रश्न अशा रीतीने नव्या रूपात उभा राहिला आहे.