स्प्रिंगफिल्डची मोनोरेल: ‘सिम्पसन्स’च्या गाजलेल्या भागातले संदर्भ, किस्से आणि ३० लाखांचा हिशेब

‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकन कार्टून मालिका १९८९ पासून सुरू आहे. तिचे शेकडो भाग झाले, पण सर्वोत्तम भागांची यादी निघाली की एक नाव हमखास वर असतं: ‘मार्ज व्हर्सेस द मोनोरेल’. चौथ्या सीझनमधला हा बारावा भाग १४ जानेवारी १९९३ रोजी ‘फॉक्स’ वाहिनीवर पहिल्यांदा दाखवला गेला. जेमतेम २२ मिनिटांच्या या भागात जुने सिनेमे, मालिका आणि नाटकांचे संदर्भ ठासून भरले आहेत. ते ओळखीचे नसतील तर निम्मे विनोद डोक्यावरून जातात. म्हणून ही उजळणी.

कथा थोडक्यात

स्प्रिंगफिल्ड गावातल्या अणुवीज प्रकल्पाचा मालक मिस्टर बर्न्स विषारी कचरा बागेतल्या झाडांत दडवताना पकडला जातो. कोर्ट त्याला ३० लाख डॉलरचा दंड ठोकतं. आता हा पैसा कशावर खर्च करायचा, यासाठी गावसभा भरते. मार्ज सिम्पसन सरळ सुचवते, की मेन स्ट्रीटची पार चाळण झाली आहे, ती दुरुस्त करा. गाव जवळजवळ तयारही होतं. तेवढ्यात लायल लॅनली नावाचा गोडबोल्या विक्रेता शिट्टी वाजवत उभा राहतो आणि गाणं म्हणत म्हणत मोनोरेल गळ्यात मारतो. मार्जचा नवरा होमर काही दिवसांचं प्रशिक्षण घेऊन या गाडीचा चालक होतो. पुढे पहिल्याच फेरीत गाडी बेफाम सुटते.

कुठला संदर्भ कुठून आला?

सुरुवात: कामाची वेळ संपताच होमर घसरत थेट गाडीत बसतो आणि गात निघतो. ही ‘द फ्लिंटस्टोन्स’ची नक्कल आहे. अश्मयुगातल्या कुटुंबाची ती कार्टून मालिका १९६० ते १९६६ या काळात अमेरिकेत रात्रीच्या मुख्य वेळेत चालली. होमरच्या गाण्यात चेस्टनटच्या झाडाचं नाव येतं आणि त्याच क्षणी गाडी त्याच झाडावर आदळते. गंमत म्हणजे फ्लिंटस्टोन्सचा १६६ भागांचा विक्रम पुढे १९९७ मध्ये सिम्पसन्सनेच मोडला.

कोर्टातले बर्न्स: त्यांना हातगाडीला बांधून, तोंडावर जाळीचा मुखवटा घालून आणलं जातं. हा थेट ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ (१९९१) मधला नरभक्षक डॉ. हॅनिबल लेक्टर. त्या सिनेमाने १९९२ च्या सोहळ्यात पाच प्रमुख ऑस्कर पटकावले होते, त्यामुळे तेव्हाच्या प्रेक्षकाला हे दृश्य सांगावं लागलं नाही.

लॅनली आणि त्याचं गाणं: ‘द म्युझिक मॅन’ हे मेरेडिथ विल्सन यांचं संगीत नाटक १९५७ मध्ये ब्रॉडवेवर आलं आणि १९६२ मध्ये त्यावर सिनेमा निघाला. त्यातला हॅरोल्ड हिल हा भामटा आयोवातल्या एका छोट्या गावात येतो, गावावर संकट आल्याची हाकाटी पिटतो आणि उपाय म्हणून मुलांच्या बँडची वाद्यं आणि गणवेश विकतो. लॅनलीचा वेष, चाल, बोलण्याचा ठेका सगळं तिथून उचललेलं आहे. बँडच्या जागी मोनोरेल, एवढाच फरक.

दुसरा अर्धा भाग: सुटलेली गाडी, अडकलेले प्रवासी, बड्या पाहुण्यांची गर्दी. हा साचा निर्माता अर्विन ॲलनच्या आपत्तीपटांचा. ‘द पोसायडन अ‍ॅडव्हेंचर’ (१९७२) आणि ‘द टॉवरिंग इन्फर्नो’ (१९७४) हे त्याचे गाजलेले सिनेमे.

लिओनार्ड निमॉय: ‘स्टार ट्रेक’मधला स्पॉक पहिल्या फेरीचा प्रमुख पाहुणा म्हणून स्वतःच्याच भूमिकेत आहे. महापौर क्विम्बी त्याला शुभेच्छा देतात त्या ‘स्टार वॉर्स’मधल्या! आपल्याला ओळखता तरी का, असं विचारल्यावर क्विम्बी त्याला ‘लिटल रास्कल्स’ या त्याच्याही आधीच्या बालकलाकारांच्या टोळीत ढकलतात. शेवटी निमॉय ‘स्टार ट्रेक’च्या पद्धतीने जागच्या जागी विरघळून अदृश्य होतो, तेही काडीचं काम न करता श्रेय घेऊन.

बॅटमॅन: तुझ्या मदतीला एक माणूस आलाय, असं मार्ज फोनवर सांगते. होमरला वाटतं, बॅटमॅन आला. नाही, तो शास्त्रज्ञ आहे, असं कळल्यावरही पठ्ठ्या म्हणतो, बॅटमॅनही शास्त्रज्ञच आहे.

पडद्यामागचे किस्से

• हा भाग लिहिला कोनन ओब्रायन यांनी. तेव्हा ते मालिकेच्या लेखकांपैकी एक होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते एनबीसीवर रात्रीच्या टॉक शोचे सूत्रधार झाले आणि घराघरात पोचले. २०१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये त्यांनी हेच मोनोरेलचं गाणं हजारो प्रेक्षकांसमोर स्वतः सादर केलं.

• दिग्दर्शक रिच मूर. पुढे ‘रेक-इट राल्फ’ आणि ऑस्कर मिळवणारा ‘झूटोपिया’ (सहदिग्दर्शन) या डिस्नेपटांनी त्यांचं नाव झालं.

• पाहुणा म्हणून आधी विचारणा झाली होती ‘स्टार ट्रेक’मधल्याच जॉर्ज टाकेई यांना. ते दक्षिण कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक वाहतूक मंडळावर संचालक राहिले होते. सार्वजनिक वाहतुकीची टिंगल नको म्हणून त्यांनी नकार दिला आणि संधी निमॉयकडे गेली.

• लॅनलीचा आवाज फिल हार्टमन यांचा. मालिकेतला वकील लायोनेल हट्झ आणि नट ट्रॉय मॅक्ल्यूर हेही त्यांचेच. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा ही दोन्ही पात्रं कायमची थांबवण्यात आली.

हसण्यामागचा हिशेब

भागात फसवणूक कशी होते, ते नीट पाहण्यासारखं आहे. लॅनली आधी शेजारच्या गावांशी तुलना करतो: ब्रॉकवे, ऑग्डेनव्हिल आणि नॉर्थ हॅवरब्रुकने मोनोरेल घेतली, तुम्ही मागे राहणार का? मग शंका विचारणाऱ्या प्रत्येकाला यमक जुळवून गप्प करतो. हुशार लिसाला प्रश्न विचारल्याबद्दल शाबासकी देतो, उत्तर मात्र देत नाही. खर्चाचा अंदाज, देखभाल, प्रवासी किती, यावर एक शब्द निघत नाही. मार्ज शेवटपर्यंत रस्त्याची आठवण करून देत राहते, पण गर्दीपुढे तिचा आवाज कोण ऐकतो!

तिला संशय येतो आणि ती थेट नॉर्थ हॅवरब्रुक गाठते. तिथे उजाड गाव आणि बंद पडलेली मोनोरेल. ती बांधणारा अभियंता सेबॅस्टियन कॉब सांगतो, की लॅनलीने वायरिंगपासून ब्रेकपर्यंत सगळीकडे काटकसर केली. म्हणजे फसवणूक उघडी पाडायला कुठलंही गुपित लागलं नाही. आधीच्या ग्राहकाकडे जाऊन चौकशी करणं पुरेसं होतं, आणि ती सही करण्याआधीही करता आली असती.

खऱ्या मोनोरेलचं काय?

मोनोरेल ही मुळातच फसवी कल्पना आहे, असा अर्थ काढणं चुकीचं ठरेल. जर्मनीतल्या वुपरटालची लटकती रेल्वे १९०१ पासून आहे. टोकियोची मोनोरेल १९६४ मध्ये सुरू झाली आणि हानेडा विमानतळाच्या प्रवाशांसाठी ती आजही महत्त्वाची आहे. उलट सिडनीची मोनोरेल १९८८ मध्ये सुरू होऊन २०१३ मध्ये बंद पडली.

महाराष्ट्रात मुंबईची मोनोरेल फेब्रुवारी २०१४ मध्ये चेंबूर ते वडाळा या टप्प्यावर धावू लागली. नोव्हेंबर २०१७ मध्ये म्हैसूर कॉलनी स्थानकाजवळ रिकाम्या गाडीला आग लागली आणि सेवा सप्टेंबर २०१८ पर्यंत बंद राहिली. मार्च २०१९ मध्ये मार्ग संत गाडगे महाराज चौकापर्यंत वाढला. १९ ऑगस्ट २०२५ च्या मुसळधार पावसात लोकल विस्कळीत झाली, मोनोरेलवर गर्दी लोटली आणि क्षमतेपेक्षा जास्त भार झालेली गाडी मध्येच अडकली. अग्निशमन दलाने शेकडो प्रवाशांना शिड्या लावून खाली उतरवलं. त्यानंतर २० सप्टेंबरपासून यंत्रणा सुधारण्यासाठी सेवा थांबवण्यात आली. इथे कुणी लॅनली नव्हता. पण गाडी किती माणसं नेणार, बिघडली तर प्रवासी उतरवणार कसे, हे प्रश्न कागदावर असताना विचारायचे असतात, हे मात्र दोन्हीकडे सारखं.

पाहताना लक्ष ठेवा

अग्निशामक सिलिंडरच्या जागी राहणारं पॉसम प्राण्यांचं कुटुंब. गाडी सौर ऊर्जेवर असल्याने ग्रहण लागताच क्षणभर थांबणं आणि सूर्य दिसताच पुन्हा सुटणं. गाडीवरचं ‘एम’ अक्षर नांगर म्हणून वापरून होमरने ती भल्या मोठ्या डोनटला अडकवणं. आणि पैसे घेऊन पळालेल्या लॅनलीचं विमान नेमकं नॉर्थ हॅवरब्रुकला थांबणं.

शेवटी मार्ज सांगते, गावाचा हा शेवटचा वेडेपणा. अपवाद फक्त आइस्क्रीमच्या काड्यांची गगनचुंबी इमारत, ५० फुटी भिंग आणि कुठेच न जाणारा सरकता जिना. मेन स्ट्रीटचे खड्डे बुजल्याचं मात्र भागात कुठेच दिसत नाही.