१.६ वॅट : फोनमधल्या एका आकड्याची जन्मकथा

फोनच्या कळफलकावर स्टार, हॅश, शून्य, सात आणि पुन्हा हॅश दाबून पाहा. बहुतेक फोनवर दोन आकडे उमटतात: एक डोक्याजवळच्या वापराचा, दुसरा अंगाजवळच्या. एकक ‘वॅट प्रति किलो’, म्हणजे शरीरात शोषली जाणारी रेडिओ ऊर्जा. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनसाठी मर्यादा आहे १.६. हा आकडा आला कुठून, याचा हा धागा. तो युद्धनौकांपासून निघून गुहागरच्या खाडीकाठी पोचतो.

दुसऱ्या महायुद्धाने रडार घडवले आणि त्याच्या झोतात उभे राहणाऱ्यांची काळजीही मागे ठेवली. १९५३ मध्ये हर्मन श्वान या जीवभौतिकशास्त्रज्ञाने अमेरिकी नौदलाला मर्यादा सुचवली: दर चौरस सेंटीमीटरला १० मिलिवॅट. आधार निव्वळ उष्णतेचा हिशेब. शरीर जेवढी उष्णता बाहेर टाकू शकते, त्यापलीकडे भार पडू नये. १९६६ मध्ये अमेरिकेचे मानक याच आकड्यावर उभे राहिले.

पण हे माप अंगावर पडणाऱ्या लहरींचे होते. आत किती मुरतात याचे नव्हे. पुढच्या पिढीने तेच मोजले. अन्नासाठी ठरावीक काम करायला शिकवलेले उंदीर आणि माकडे लहरींत ठेवली. साधारण ४ वॅट प्रति किलोच्या आसपास शरीराचे तापमान अंशभर चढे आणि प्राणी काम सोडून देत. हाच उंबरठा मानला गेला. कामगारांसाठी त्याचा दहावा भाग, ०.४; सामान्य जनतेसाठी पन्नासावा, ०.०८. फोन मात्र सारे अंग तापवत नाही, कानाजवळचा थोडा भाग तापवतो. म्हणून एक ग्रॅम ऊतीपुरती वीसपट सूट: ०.०८ गुणिले २०, बरोबर १.६.

म्हणजे १.६ ही विषाची मात्रा नव्हे. भुकेल्या प्राण्याने घास सोडला त्या जागेपासून किती मागे उभे राहायचे, याचे ते माप आहे. १.५ चा फोन ‘घातक’ आणि ०.५ चा ‘निर्धोक’, अशी वाटणी या इतिहासात कुठेच बसत नाही.

अमेरिकेने १९९६ मध्ये १.६ स्वीकारला. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने दहा ग्रॅमच्या सरासरीवर २ ठेवला. भारताने आधी तोच घेतला. डिसेंबर २०१० मध्ये आयआयटी मुंबईचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी दूरसंचार विभागाला मनोऱ्यांच्या धोक्याविषयी अहवाल दिला. ३१ मे २०११ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकले. बातम्यांत ‘कदाचित’ पुष्कळदा गळाला. (त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत.) १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने फोनसाठी १.६ लागू केला आणि मनोऱ्यांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागावर आणली. २०२४ मध्ये आरोग्य संघटनेच्याच पुढाकाराने झालेल्या व्यापक आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

वाद गाजला तो मनोऱ्यांवरून. हातातले यंत्र बाजूलाच राहिले, आणि माझ्या मते तिथेच गल्लत झाली. मनोरा दूर असतो, अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाईवर येते. फोन कानाला चिकटलेला असतो. शिवाय मनोऱ्याचा संकेत क्षीण झाला की फोन स्वतःची शक्ती वाढवतो, अगदी शेकडो पटींनीही.

गुहागर तालुक्याची रचना डोळ्यांपुढे आणा. जांभ्याचे सडे, त्यांखाली खोलगट वाड्या, उत्तरेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी, तिच्या काठी वेलदूर आणि धोपावे. डोंगराआडच्या वाडीत, एकच कांडी दिसत असताना, तोच फोन कितीतरी जोराने लहरी सोडतो. अशा वाडीने मनोरा हाकलला, तर तिच्या कानाजवळची ऊर्जा घटण्याऐवजी वाढते. तिथे इअरफोन लावणे किंवा स्पीकर सुरू करून फोन हातभर दूर ठेवणे, एवढ्याने पुष्कळ काम होते.

समुद्रावर गणित निराळे. हातात धरायच्या सागरी व्हीएचएफ संचाची शक्ती साधारण ५ वॅट. जुन्या जीएसएम फोनची सरासरी कमाल पाव वॅट. संकटाची हाक १६ व्या वाहिनीवर, १५६.८ मेगाहर्ट्झवर जाते. संच तोंडापासून दोन-तीन बोटे दूर, अँटेना डोळ्यांपासून आणि त्वचेपासून लांब, ही त्याची रीत. बटण दाबलेले असेल तेव्हाच तो लहरी सोडतो. म्हणूनच अशा संचांच्या तपासणीत निम्मा वेळ बोलणे आणि निम्मा वेळ ऐकणे गृहीत धरलेले असते.