तोक्यो नागारेमोनो
जपानी गुन्हेगारी रंगपट (१९६६). दिग्दर्शक सेइजुन सुझुकी, निर्मिती निक्कात्सु. जगभर ‘टोकियो ड्रिफ्टर’ या नावाने परिचित.

याकुझा टोळी मोडल्यावर सरळमार्गी होऊ पाहणारा तेत्सु (तेत्सुया वातारी) वैऱ्यांमुळे टोकियो सोडतो. फिकट निळ्या सुटात तो बर्फाळ उत्तरेत, मग दक्षिणेला सासेबोत भटकतो, शीर्षकगीत गात. ज्याच्यासाठी ही भटकंती पत्करली तो टोळीचा म्होरक्या कुराताच अखेर उलटतो.

कथा तशी नेहमीचीच. गंमत आहे ती रंगांत आणि ताकेओ किमुरा यांच्या बेफिकीर नेपथ्यात: सुरुवात कृष्णधवल, शेवटचा गोळीबार पांढऱ्याशुभ्र नाइटक्लबात.

असले प्रयोग कंपनीला मुळीच रुचत नव्हते. ‘ब्रँडेड टू किल’ (१९६७) या त्यांच्याच चित्रपटानंतर सुझुकींना काढून टाकण्यात आले. त्यांनी कंपनीवर खटला भरला.