सुईच्या आधीचा एक तास

अल्लीपुरात माझ्या लहानपणी ‘देवी टोचणारा आला’ अशी हाक उठली, की अर्धी पोरे पऱ्हाटीच्या वावरात दडून बसत. उरलेल्यांना आज्या हाताला धरून ओट्यावर आणीत आणि सांगत, “काई नाई होत बाबू, मुंगी चावल्यावानी होते.” ती मुंगी कसली असे, हे दंडावरचा वण आजही सांगतो. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला आपल्या देशातली पहिली देवी टोचली गेली. १९७५ साली देवीचा रोगच देशातून गेला. मधल्या पावणेदोनशे वर्षांत हे मुंगीचे आश्वासन किती लेकरांनी ऐकले असेल! लशीने जीव वाचवले, यात दुमत नाही. पण पोराला दुखेल त्याचे काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही, हेही तितकेच खरे.

ज्यांनी विचारला त्यांच्यापुढे एक चमत्कारिक पेच होता. कातडी बधिर करायची, तर औषध कातडीखाली घालावे लागे. म्हणजे पुन्हा सुईच! १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण वैद्याने कोकेनचे थेंब आधी बेडकाच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यात घातले व टाचणीने स्पर्श करून पाहिले. काही कळले नाही. हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या सभेत हा शोध जाहीर झाला, तेव्हा कोलरपाशी प्रवासाला पैसे नव्हते; त्याचा निबंध दुसऱ्यानेच वाचला. मग डोळ्यावर साधले ते दंडावर का साधू नये? डोळ्याचा पडदा ओला आणि कोवळा असतो. कातडीवर मात्र मृत पेशींचा, स्निग्ध द्रव्याने सांधलेला थर असतो. पावसाचे पाणी अंगात मुरत नाही ते त्याच्यामुळे. हा वाडा असा चिरेबंदी, की वैद्यालाही दार उघडत नसे.

१९४३ साली स्वीडनमध्ये लोफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी लिग्नोकेन तयार केले. कोकेनसारखे व्यसन लावणारे ते नव्हते. पण तेही सुईनेच द्यावे लागे. त्याच सुमारास, १९४४च्या फेब्रुवारीत, पुण्याच्या आगाखान महालात कस्तुरबा अखेरच्या दुखण्यात होत्या. देवदासांच्या खटपटीने पेनिसिलिन विमानाने आले. ते वरचेवर टोचावे लागेल असे कळल्यावर, मरणाच्या दारातल्या देहाला सुयांचा त्रास नको, असे गांधीजींनी ठरवले. २२ फेब्रुवारीला बा गेल्या. त्या निर्णयावर पुष्कळ वाद झाला. त्यात मी शिरत नाही. आमच्या जिल्ह्यात सेवाग्रामला त्यांच्या नावाचे रुग्णालय आहे. तेथे रांगेत रडणारी पोरे पाहिली, की सुईचे दुखणे क्षुल्लक मानायला मन धजत नाही.

तोड निघाली ती १९८०च्या सुमारास, आणि तीही स्वीडनमध्येच. वाचकहो, आपल्या घरच्या अमृतधारेची बाटली आठवा. कापूर, ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल, तिन्ही कोरडे खडे. एकत्र केले की आपोआप पाणी होते. नेमके तसेच लिग्नोकेन आणि प्रिलोकेन सारख्या भागाने मिसळले, की दोन्ही घन द्रव्यांचे तेल होते. हे तेल मलमात घातल्यावर चिरेबंदी वाड्यात झिरपू लागले. नवे औषध शोधावे लागले नाही. जुन्या दोघांची सोयरीक जुळवली, एवढेच. मला तर या साऱ्या हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत गोड वाटते.

मात्र झिरपायला वेळ लागतो. मलम अखंड कातडीवर जाड थापायचे, चोळायचे नाही. वर प्लास्टिकची पट्टी चिकटवायची आणि निदान एक तास थांबायचे. तासाभरात बधिरता सुमारे तीन मिलिमीटर खोल जाते, दोन तासांत पाच. पुष्कळ जण दवाखान्याच्या पायरीवर लावतात, पाच मिनिटांत पुसतात आणि औषध खोटे म्हणून नावे ठेवतात! शिवाय लस स्नायूत गेली, तर सुई शिरल्याचे कळत नाही, पण आतला ठणका थोडा उरतोच. पोराला तसे आधी सांगावे. ‘मुंगी’ पुन्हा आणू नये.

जे आत शिरते ते रक्तातही शिरते, हे विसरून चालत नाही. प्रिलोकेन जास्त झाले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. तान्ह्या बाळाचे ओठ निळसर पडतात. म्हणून तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एक ग्रॅमहून अधिक नको, एका तासाहून अधिक नको, तेही डॉक्टरांना विचारूनच. रक्तात जी-सिक्स-पी-डीची उणीव असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय हात लावू नये. जखमेवर, डोळ्यांजवळ, कानाच्या आत लावू नये. बीसीजीची जागा तर मोकळीच सोडावी. या मलमाने जिवंत लस निकामी होण्याचा संभव असतो. अमेरिकेत दोन तरुण मुलींनी केस काढण्यापूर्वी पायभर तीव्र बधिरकारी मलम फासून वर प्लास्टिक गुंडाळले, दोघीही दगावल्या. २००७ साली तेथील सरकारी औषधखात्याने त्यावर जाहीर इशारा दिला.

आणि तो तासभर पोरापाशी कोणीतरी बसलेच पाहिजे. पट्टी उचकटून बोट तोंडात गेले, तर जीभ नि घसा बधिर होतो, आणि बधिर घशात चकली अडकायला वेळ लागत नाही. तेवढा वेळ फराळाचे ताट फळीवर ठेवावे.