तवंगावरचे रंग आणि प्रकाशाची मोजपट्टी

मृगाची पहिली सर कोसळून गेली की माहीम कॉजवेवरच्या डांबरी रस्त्यावर, खळग्यांत साचलेल्या पाण्यावर जांभळी, निळी, सोनेरी वलये पसरलेली दिसतात. आठ महिने वाहनांतून ठिबकलेले तेल पाण्यावर तरंगू लागते आणि त्याचा तवंग रंगून उठतो. दुचाकीस्वारांच्या दृष्टीने ही धोक्याची खूण असते, तर शाळकरी मुलांच्या दृष्टीने ते जमिनीवर उतरलेले इंद्रधनुष्य असते. कॉजवेजवळ मिठी नदी माहीमच्या खाडीतून समुद्राला मिळते. त्या पाण्यावरही कधी कधी असेच रंगीत पट्टे वाहताना आढळतात.

मात्र, आकाशातल्या इंद्रधनुष्याशी या रंगांचे नाते नाही. पावसाच्या थेंबात शिरताना आणि बाहेर पडताना प्रकाश वळतो; प्रत्येक रंग थोड्या वेगळ्या कोनातून वळत असल्याने ते एकमेकांपासून सुटे होतात. यास अपवर्तन व अपस्करण म्हणतात. तवंगाची कथा वेगळी आहे. तेलाच्या थरावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग वरच्या पृष्ठभागावरूनच परततो, तर काही भाग आत शिरून तेल आणि पाणी यांच्या सीमेवरून परततो. आत जाऊन आलेल्या लहरीला अधिक वाट चालावी लागते. परत येताना या दोन लहरींचे माथे माथ्यांवर पडले तर तो रंग उजळतो. एकीच्या माथ्यावर दुसरीचा खळगा आला तर तो रंग विझतो. या क्रियेला व्यतिकरण असे नाव आहे. पांढऱ्या प्रकाशातून एखादा रंग वजा झाला की उरलेले रंग डोळ्याला दिसतात. तवंगाची जाडी जागोजागी बदलत असल्यामुळे विझणारा रंगही बदलतो आणि वलये तयार होतात.

थोडक्यात, तेलात रंगद्रव्य नसते. दिसणारा रंग हा जाडीचा असतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागांत मोजावी लागते. तवंगाची जाडीही याच मापात असली, तरच हे रंग खुलतात. त्यामुळे रंग पाहून तेलाचे प्रमाण अदमासता येते. समुद्रात तेलगळती झाल्यावर विमानातून पाहणी करणारे निरीक्षक नेमके हेच करतात. उत्तर समुद्राकाठच्या युरोपीय देशांच्या बॉन करारात त्यासाठी ठरलेले कोष्टक आहे. केवळ रुपेरी झाक दिसली तर जाडी ०.०४ ते ०.३ मायक्रॉन, इंद्रधनुष्यी रंग दिसले तर ०.३ ते ५ मायक्रॉन, धातूसारखी चमक असेल तर ५ ते ५० मायक्रॉन. त्याहून जाड थरातून तेलाचा मूळ तपकिरी वा काळा रंग दिसू लागतो.

या आकड्यांचा अर्थ ध्यानात यावा म्हणून शिवाजी पार्कचे मैदान घ्यावे. सुमारे २८ एकरांच्या या मैदानाएवढ्या पाण्यावर रंगांची पहिली छटा उमटवायला अवघे ३५ लिटर तेल पुरते. म्हणजेच सर्वाधिक नेत्रदीपक दिसणारा तवंग बहुधा सर्वांत कमी तेलाच्या गटातला असतो आणि खरी चिंता करावी ती काळ्या, रंगहीन थराची. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले. त्या वेळी किनाऱ्याला लागलेला थर काळाच होता. तिवराची झाडे चिखलातून वर काढलेल्या मुळांनी श्वास घेतात. ती मुळे अशा थराने माखली की झाड गुदमरते. माहीमच्या खाडीकाठीही हीच खारफुटी आहे.

तथापि, खाडीकाठचा प्रत्येक रंगीत पापुद्रा तेलाचाच असतो असेही नाही. दलदलीच्या साचलेल्या पाण्यात लोहावर जगणारे जीवाणू अतिशय पातळ साय धरतात आणि तिच्यावरही व्यतिकरणाने हुबेहूब तसेच रंग उमटतात. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. काडीने तवंग हलवावा. तो काचेसारखा तुकड्यांत फुटला आणि तुकडे सुटेच राहिले तर ते जीवाणूंचे काम. वळसे घेत पुन्हा जुळून आला तर तेल. प्रदूषणाची तक्रार करण्यापूर्वी एवढी चाचणी करून पाहणे शहाणपणाचे ठरेल.

साबणाच्या फुग्यावरच्या आणि पातळ थरांच्या रंगांचा न्यूटनने बारकाईने अभ्यास केला होता, तरी प्रकाश कणांचा बनलेला आहे हे आपले मत त्याने सोडले नाही. या रंगांचा उलगडा लहरींच्या भाषेत केला तो लंडनच्या थॉमस यंग या वैद्याने, १८०१ च्या सुमारास. आता तेच तत्त्व महाराष्ट्रात एका अजस्र यंत्राचा पाया होणार आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेच्या सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तेथे चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांतून लेझरकिरण धाडून ते परत एकत्र आणले जातील. गुरुत्वीय लहर जाताना भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म फरक पडतो. तो व्यतिकरणातूनच टिपायचा आहे.

व्यतिकरणाचे जुळे भावंड म्हणजे विवर्तन. अडथळ्याच्या कडेला किंवा फटीतून जाताना लहर पसरते, वळते. गल्लीच्या वळणापलीकडच्या बसचा भोंगा ऐकू येतो पण बस दिसत नाही, याचे कारण ध्वनीची तरंगलांबी मोठी आणि प्रकाशाची अतिसूक्ष्म. प्रकाशाला वळवायचे तर फटही तितकीच बारीक हवी. रात्री काळ्या छत्रीच्या कापडातून दूरच्या पथदिव्याकडे पाहावे. धाग्यांच्या जाळीमुळे दिव्याभोवती फुलीच्या आकारात रंगीत कडांचे ठिपके उमटतात. सीडीवरच्या रेषा तर एका मिलिमीटरमध्ये सुमारे ६२५ असतात. प्रत्येक रेषेवरून पसरलेल्या लहरींचे पुढे व्यतिकरणच होते, म्हणून या दोन संज्ञांमधली सीमा तशी पुसटच आहे. हा फरक वापराचा आहे, तत्त्वाचा नव्हे, असे पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांनीही आपल्या व्याख्यानांत सांगितले होते.

गाणी ऐकण्यापुरती सीडी आता कालबाह्य झाली असली, तरी कबुतरांना पळवून लावण्यासाठी ती मुंबईतल्या अनेक गॅलऱ्यांत दोरीने टांगलेली दिसते. गंमत अशी की कबुतराच्या मानेवरची हिरवी-जांभळी झळाळीही पिसांतल्या पातळ थरांमुळे, व्यतिकरणानेच उमटते. बहुधा त्यामुळेच की काय, कबुतरे टांगलेल्या सीडीला फारशी दाद देत नाहीत.